दुपारी कडक ऊन, तरी पॅनेलचं व्होल्टेज सकाळपेक्षा कमी का?

गच्चीवरून:

नमस्कार मंडळी. घरावर ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडलेली सोलर सिस्टिम बसवून घेतली आहे. बॅटरी नाही. ५४० वॉटची १० पॅनेल, सगळी सिरीजमध्ये एकाच स्ट्रिंगवर (म्हणजे एकामागे एक जोडलेली एकच रांग), आणि पॅनेलच्या डीसीची एसी करणारा ५ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. पॅनेलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट (काहीच ओढत नसतानाचं) व्होल्टेज ४९.५ आणि कमाल पॉवरचं व्होल्टेज ४१.५ लिहिलंय. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचे आकडे बघायची सवय लागली आणि तिथूनच डोक्यात गोंधळ सुरू झाला.

सकाळी कोवळ्या उन्हात डीसी व्होल्टेज ३९५ च्या आसपास असतं, करंट १.३ अँपिअर. दुपारी बाराला बघावं तर व्होल्टेज ३५८, करंट ११.७. म्हणजे ऊन चढलं तसं व्होल्टेज उतरलं. परवा भर दुपारी लाइट गेली, तर तोच आकडा एकदम ४४० वर जाऊन बसला! ऊन तेच, पॅनेल तीच.

एसी बाजूला उलटच चाललंय. सकाळी २३४ व्होल्ट, दुपारी २४७. कधीकधी "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" असा इशारा येतो आणि इन्व्हर्टर थोडा वेळ बंद पडतो, तेही नेमकं ऊन सगळ्यात चांगलं असताना.

ओळखीतले एक जण म्हणाले, दुपारी व्होल्टेज पडतंय म्हणजे पॅनेल कमजोर निघाली. खरं का हे? शिवाय साडेतीनशे-चारशे व्होल्टचे घरात २३० होतात कसे, आणि उरलेली वीज बाहेर जाते कशी, हेही समजून घ्यायचंय. आणखी २ पॅनेल याच स्ट्रिंगमध्ये वाढवायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा. इन्व्हर्टरवर कमाल डीसी इनपुट ६०० व्होल्ट लिहिलंय.

उष्मांक:

सोपं आहे. मल्टिमीटर घ्या, दुपारी एकेक पॅनेलचा कनेक्टर सोडवून मोजा. ४९ च्या जवळ दाखवलं तर चांगलं, खाली दाखवलं तर ते पॅनेल बदलून मागा.

तारजोड:

थांबा, असं अजिबात करू नका. उन्हात सिस्टिम चालू असताना एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग) ओढायचा नसतो. त्या क्षणी स्ट्रिंगमधून १०-११ अँपिअर डीसी वाहत असतो आणि त्याच्यामागे साडेतीनशे-चारशे व्होल्ट असतात. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. कनेक्टर दूर जाईल तशी ठिणगी ताणली जाते, प्लास्टिक वितळतं, हात भाजतात, आणि खाली वाळका पालापाचोळा असेल तर आग लागते. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, एसीचा एमसीबी खाली करायचा, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वायर तोडणारा स्विच). क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसला की मगच कनेक्टरला हात. आणि करंट शून्य झाला तरी स्ट्रिंगच्या दोन टोकांत ४४० व्होल्ट उभेच असतात. उजेड आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. हे काम सोलरचा अनुभव असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि इतकं करून मोजलंत तरी दुपारी ४९ कधीच दिसणार नाही. चांगलं पॅनेल ४४ दाखवेल आणि तुम्ही उगाच ते बदलायला निघाल.

गच्चीवरून, तुमची पॅनेल धडधाकट आहेत. तुम्हीच दिलेल्या आकड्यांत ते दिसतंय. ३५८ गुणिले ११.७ करा, जवळपास ४.२ किलोवॉट येतात. तापलेल्या ५.४ किलोवॉटच्या पॅनेलमधून एवढे निघतात म्हणजे उत्तम काम चाललंय. आता सकाळचा हिशोब करा: ३९५ गुणिले १.३, म्हणजे जेमतेम अर्धा किलोवॉट. व्होल्टेज जास्त होतं तेव्हा वीज आठपटीने कमी होती. नुसतं व्होल्टेज बघून पॅनेलची तब्येत कळत नाही, हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं सुटतं.

पॅनेलमध्ये ऊन ठरवतं ते करंट. ऊन निम्मं झालं की करंट निम्मा होतो, व्होल्टेज मात्र थोडंसंच उतरतं. सूर्य वर यायच्या आधीच्या अंधूक उजेडातही तुमच्या स्ट्रिंगवर मल्टिमीटर तीन-चारशे व्होल्ट दाखवू शकतो, पण त्यावर काही चालवायला गेलात तर क्षणात कोसळेल, कारण मागे करंटच नाही.

मग सिस्टिम चालू असताना व्होल्टेज किती राहणार हे कोण ठरवतं? इन्व्हर्टर. पॅनेलमधून काहीच ओढलं नाही तर व्होल्टेज सगळ्यात वर, म्हणजे ओपन सर्किटला. जास्तीत जास्त करंट ओढला, म्हणजे दोन्ही वायर एकमेकींना टेकवल्या, तर व्होल्टेज शून्य. या दोन्ही टोकांना पॉवर शून्यच, कारण गुणाकारातली एक बाजू शून्य आहे. मधे कुठेतरी गुणाकार सगळ्यात मोठा होतो. तुमच्या लेबलवर ४९.५ आणि ४१.५ आहेत ना, म्हणजे ती जागा ओपन सर्किटच्या साधारण ८४ टक्क्यांवर आहे. इन्व्हर्टरमधला एमपीपीटी दिवसभर हीच जागा शोधत असतो. व्होल्टेज किंचित खाली घेतो, पॉवर वाढली का बघतो, वाढली तर आणखी खाली, घटली तर परत वर. तुमच्या स्क्रीनवरचा ३५८ हा आकडा त्याने निवडलेला आहे. लाइट गेली तेव्हा ओढणारा थांबला, पॅनेल मोकळी झाली आणि ४४० वर गेली. यात बिघाड काहीच नाही.

शलाका_विज्ञान:

तारजोड यांनी नीट सांगितलंय, मी फक्त तापमानाची बाजू जोडते. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि हे ४४० मला फार आवडलं, कारण त्यातून तुमच्या पॅनेलचं तापमान काढता येतं.

लेबलवरचे आकडे प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरवर १००० वॉट उजेड आणि सेलचं तापमान २५ अंश. हवेचं नाही, सेलचं. छतावर भर उन्हात सेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त तापतो. हवा ३५ अंश असेल तर सेल ६५ पर्यंत सहज जातो. सिलिकॉनचा सेल तापला की त्याच्या जोडातला आतला गळता प्रवाह झपाट्याने वाढतो आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. तेवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण तुमच्या पॅनेलमध्ये सिरीजला ७२ सेल असणार. (अर्धे कापलेले १४४ दिसले तरी ते दोन गटांत पॅरलल असतात, व्होल्टेज ७२ चंच मिळतं.) अशी १० पॅनेल, म्हणजे एका रांगेत ७२० सेल.

डेटाशीटवर ओपन सर्किट व्होल्टेजचा तापमान गुणांक बघा. या प्रकारच्या पॅनेलला तो अंशाला उणे ०.२७ टक्क्यांच्या आसपास असतो. २५ वरून ६५ म्हणजे ४० अंश, म्हणजे १०.८ टक्के घट. ४९.५ चे ४४.१ झाले. दहाने गुणा, ४४१. तुम्ही वाचलेत ४४०! त्या दुपारी सेल ६५ अंशांवर होते, थर्मामीटर न लावता कळलं. कमाल पॉवरचं व्होल्टेज टक्केवारीत याहून थोडं जोरात उतरतं, ०.३५ धरा. ४१५ मधून १४ टक्के वजा केले की ३५७ येतात, आणि स्क्रीनवर ३५८ आहेत.

सकाळी ४१५ न दिसता ३९५ का, तर उजेड दहावा हिस्साच होता. व्होल्टेज उजेडाच्या लॉगॅरिदमप्रमाणे बदलतं, म्हणून उजेड दहापटीने घटूनही ते जेमतेम पाच टक्के घटलं.

गच्चीवरून:

शलाकाताई, तारजोड दादा, दोघांचे मनापासून आभार. ४४१ चं गणित मी स्वतः कागदावर करून बघितलं. आता डीसीची बाजू कळली.

एक गोष्ट आणखी दिसली. दुपारी चारच्या सुमारास पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर सरकते. तेव्हा डीसी व्होल्टेज हळूहळू नाही, पायरीपायरीने उतरतं. आधी १२ व्होल्ट, मग थोड्या वेळाने पुन्हा १२. हे काय?

आणि एसीचं राहिलंच की. शिवाय लाइट गेल्यावर वर कडक ऊन आणि खाली पंखा बंद, हे मनाला पटत नाही.

तारजोड:

पायरी बरोबर टिपलीत. पॅनेलच्या मागे जंक्शन बॉक्समध्ये ३ बायपास डायोड असतात, एकेक डायोड पॅनेलचा एक तृतीयांश भाग सांभाळतो. सावली आली की त्या भागातले सेल पूर्ण करंट वाहू शकत नाहीत, आणि सिरीजमध्ये एकाने अडवलं की सगळी रांग अडते. मग त्या भागाचा डायोड उघडतो आणि करंट बाजूने निघून जातो. तेवढ्या भागाचं व्होल्टेज गेलं. तापलेल्या तुमच्या पॅनेलचे कामाचे ३६ व्होल्ट, त्याचा तिसरा हिस्सा १२. एक पायरी म्हणजे एक तुकडा बाजूला पडला. डायोड नसते तर अख्खी स्ट्रिंग त्या सावलीतल्या सेलइतकीच चालली असती आणि तो सेल भाजला असता. टाकी हलवता आली तर हलवा. नाही तर तासाभरासाठी एवढी घट सोसायला हरकत नाही.

आता एसी.

२३० व्होल्ट हा एसीचा आरएमएस आकडा आहे, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतका. लाटेचा माथा २३० गुणिले १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्टवर असतो. दुपारी तुमच्याकडे २४७ असतात, तेव्हा माथा ३४९. इन्व्हर्टरला हा माथा गाठायचा तर आत त्याहून जास्त डीसी हाताशी हवं. म्हणून बहुतेक स्ट्रिंग इन्व्हर्टरमध्ये आधी एक बूस्ट सर्किट असतं. पॅनेलचं व्होल्टेज २०० असो की ३५८, ते उचलून ३८०-४०० च्या आसपासच्या आतल्या डीसी बसवर आणतं. पॅनेलचंच व्होल्टेज त्याहून जास्त असेल तर उचलायची गरज पडत नाही. पुढे चार स्विचिंग ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीचे कमीजास्त रुंदीचे तुकडे पाडतात, आणि फिल्टरमधली कॉइल त्या तुकड्यांची गुळगुळीत लाट करते. तुमच्या फ्रिजपर्यंत ३५८ व्होल्ट कधीच पोचत नाहीत.

पण खरी गोम पुढे आहे. ही लाट किती व्होल्टची असावी हे इन्व्हर्टर ठरवतच नाही. ते ग्रिड ठरवते. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिडची लाट बघतो, तिचा ठेका पकडतो आणि त्याच ठेक्यात करंट आत सोडतो. झोका चालूच आहे, आपण योग्य क्षणी हात लावायचा, झोक्याची चाल बदलायची नाही. ऊन वाढलं की एसी करंट वाढतो, व्होल्टेज ग्रिडचंच राहतं. घरात लोड असेल तर तो करंट आधी तिकडे जातो, कारण तोच जवळचा रस्ता आहे. उरला तर मीटरमधून उलटा बाहेर. कुठे स्विच बदलावा लागत नाही.

लाइट गेली की पकडायला ठेकाच उरत नाही. पण त्याहून मोठं कारण माणसांचं आहे. लाइन बंद केली असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या छतावरून वीज उलटी गेली तर ट्रान्सफॉर्मर तिला मागच्या बाजूला हजारो व्होल्टवर चढवतो. त्या माणसाचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून ग्रिड आहे की नाही हे चाचपत राहतो. फ्रिक्वेन्सीला जरासा धक्का देऊन बघतो. ग्रिड असेल तर फ्रिक्वेन्सी ढिम्म हलत नाही. हलली तर ओळखतो की आपण एकटे पडलोय, आणि सुटतो. आयईईई १५४७ या मानकात यासाठी कमाल २ सेकंद दिले आहेत. लाइट परत आल्यावरही तो लगेच जोडत नाही, ठरावीक वेळ ग्रिड स्थिर आहे का बघतो, मग सुरू होतो.

लाइट नसताना घर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो घराला ग्रिडपासून तोडून मग स्वतःची लाट तयार करतो. जनरेटर लावून साध्या इन्व्हर्टरला "ग्रिड आली" असं भासवायचे उद्योग लोक करतात. करू नका. घरातला लोड कमी झाला की उरलेली वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते, आणि तो काही ती पचवू शकत नाही.

नवीनमीटर:

मलाही हेच ग्रिड ओव्हरव्होल्टेज यायचं. टेक्निशियनने सेटिंगमध्ये वरची मर्यादा २७० करून दिली, तेव्हापासून एकदाही ट्रिप नाही. गच्चीवरून, तुम्हीपण तेच करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

तारजोड:

नवीनमीटर, तुमचा इन्व्हर्टर ट्रिप होत नाही, पण तेच चढलेलं व्होल्टेज तुमच्या घरातल्या उपकरणांना दुपारभर मिळतंय. ती मर्यादा त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी आहे. २३० च्या वर १० टक्के म्हणजे २५३, तिथे किंवा वीज कंपनीने ठरवून दिलं असेल तिथे ती असायला हवी. ती बदलायचा अधिकार आपल्याला नाही. मूळ सेटिंग परत करून घ्या आणि व्होल्टेज का चढतंय ते शोधा.

चढतं कशामुळे, तर वायरीमुळे. करंट घराकडून ग्रिडकडे जायचा तर इन्व्हर्टरच्या टोकाशी व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडं वर असावंच लागतं, आणि ते किती वर हे वायरीच्या रेझिस्टन्सवर ठरतं. लोड चालवताना टोकाला व्होल्टेज पडतं ना, तोच नियम, फक्त करंटची दिशा उलटी.

गच्चीवरून, तुमचा इन्व्हर्टर आणि मीटर यांत अंतर किती, केबल किती स्क्वेअर एमएमची? आणि दुपारी एकाच वेळी दोन्हीकडचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या.

गच्चीवरून:

इन्व्हर्टर वर जिन्याच्या खोलीत, मीटर खाली. केबल वळणं धरून ३५ मीटर, ४ स्क्वेअर एमएम कॉपर. वायरमनने मोजलं: इन्व्हर्टरपाशी २४७, मीटरपाशी साधारण २४१. तेव्हा स्क्रीनवर ४.१ किलोवॉट होते.

तारजोड:

मिळालं. ४.१ किलोवॉट म्हणजे जवळपास १७ अँपिअर. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ४.६ मिलिओहम. जायची आणि यायची मिळून ७० मीटर, म्हणजे ०.३२ ओहम. गुणिले १७ केलं की साडेपाच व्होल्ट. तापलेल्या केबलला जरा जास्त. तुमचे सहा व्होल्ट असेच आले. ही केबल १७ अँपिअरला कमी पडत नाही, जळणार नाही, म्हणून बसवणाऱ्याने टाकली असेल. पण वीज बाहेर पाठवताना वायर जळते का एवढंच बघून भागत नाही, व्होल्टेज किती चढतं तेही बघावं लागतं. १० स्क्वेअर एमएम टाकली तर तोच हिशोब सव्वादोन व्होल्टवर येतो, आणि वायरीत तापून जाणारी वीजही त्याच प्रमाणात वाचते.

राहिला मीटरपाशी सकाळच्या २३४ चा दुपारी २४१ होण्याचा भाग. तो तुमच्या मीटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या लाइनचा आहे. दुपारी लोकांचा लोड कमी, त्याच लाइनवर आणखी सोलर असतील तर सगळे मिळून ती लाइन वर उचलतात. तिथे आपला हात पोचत नाही. मीटरपाशीच २५० च्या पुढे जायला लागलं तर वेळेसह नोंदी ठेवून वीज कंपनीला लेखी द्या. ट्रान्सफॉर्मरचा टॅप खाली करणं, फेज वाटून देणं, हे त्यांचं काम.

इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॉट नावाची सोय असली तर ती चालू आहे का विचारा. व्होल्टेज मर्यादेजवळ गेलं की इन्व्हर्टर पूर्ण बंद पडण्याऐवजी पॉवर थोडी कमी करतो. तेव्हा स्क्रीनवर डीसी व्होल्टेज वर सरकताना दिसेल, ३५८ चं ३९० वगैरे. घाबरू नका, तो कमाल पॉवरची जागा मुद्दाम सोडून ओपन सर्किटच्या दिशेने गेलेला असतो.

आता १२ पॅनेलचा प्रश्न, आणि इथे माझं उत्तर स्पष्ट "नाही" आहे. तुम्ही उन्हाळ्यातल्या ४४० ला १२ ने मोजत असाल, ५३० होतात, ६०० च्या आत. लेबलने मोजलं तर ४९.५ गुणिले १२, ५९४, तेही कसंबसं आत. पण थंडी? शलाकाताईंचाच गुणांक उलटा लावा. हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांवर आला तर २५ पासून २० अंश खाली, म्हणजे ५.४ टक्के वाढ. एका पॅनेलचे ५२.२ व्होल्ट, बारांचे ६२६. स्वच्छ पहाटे उजेड पडतो, सेल अजून गारठलेले असतात, इन्व्हर्टर अजून ओढत नसतो. वर्षातलं सगळ्यात जास्त व्होल्टेज त्या वेळी असतं, आणि ते थेट इन्व्हर्टरच्या इनपुट कपॅसिटरवर बसतं. एमसीबी इथे वाचवत नाही, कारण करंट नाहीच, नुसतं व्होल्टेज आहे. इन्व्हर्टर मेला तर वॉरंटीही हातची जाते, कारण आतल्या नोंदीत तो आकडा राहतो.

११ पॅनेलचे ५७४ होतात, ते बसतं. तुमच्या भागात पारा ५ च्या खाली जात असेल तर तिथला नीचांक धरून पुन्हा हिशोब करा.

गच्चीवरून:

इन्व्हर्टरला दुसरा एमपीपीटी इनपुट मोकळा आहे. ती २ पॅनेल तिथे लावली तर? मॅन्युअलमध्ये एमपीपीटी रेंज ९० ते ५५० आणि सुरू व्हायचं व्होल्टेज १२० लिहिलंय.

तारजोड:

दोन पॅनेलचे मोकळे (ओपन सर्किट) ९९ व्होल्ट, म्हणजे १२० चा उंबरठाच गाठत नाहीत. दुपारी तापल्यावर कामाचं व्होल्टेज ७१ वर येईल, रेंजच्या खाली. तीन पॅनेल जेमतेम बसतात (तापलेल्या तीनांचे १०७, मोकळे १३२), म्हणून थोडी मोकळीक ठेवून त्या इनपुटवर ४ लावलेली बरी. तापलेल्या चारांचे १४३ आणि मोकळे १७६, व्यवस्थित चालतील. पण मग एकूण १४ पॅनेल, जवळपास ७.६ किलोवॉट, ५ च्या इन्व्हर्टरवर. मॅन्युअलमध्ये पॅनेलची कमाल क्षमता दिलेली असते, ती आधी बघा, आणि मंजूर क्षमतेत बसतं का ते वीज कंपनीला विचारा.

दोनच लावायची असतील तर त्यांना मायक्रोइन्व्हर्टर. तो एकेका पॅनेलचे चाळीसेक व्होल्ट जागेवरच एसी करतो, स्ट्रिंगच्या व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही, आणि टाकीच्या सावलीचाही त्रास शेजारच्या पॅनेलला होत नाही. पण त्याचा करंटही खाली जायला त्याच केबलचा रस्ता धरणार असेल तर व्होल्टेज आणखी चढेल. म्हणून आधी केबल.

शलाका_विज्ञान:

गच्चीवरून, एक विनंती. थंडीत सूर्य उगवल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायच्या बेतात असतो तेव्हा स्क्रीनवरचं डीसी व्होल्टेज आणि बाहेरचं तापमान दोन्ही लिहून ठेवा. तुमच्या छतावरचा खरा सर्वोच्च आकडा हातात आला की अकराव्या पॅनेलचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार नाही.

गच्चीवरून:

नक्की लिहून ठेवतो. १० स्क्वेअर एमएमची केबल ओढून झाली. आज दुपारी साधारण तेवढ्याच पॉवरला इन्व्हर्टरपाशी २४४, मीटरपाशी २४१. १२ पॅनेलचा विचार सोडला, अकराव्याचं थंडीतला आकडा बघून ठरवीन.

तारजोड:

हिशोबाने सव्वादोन यायला हवे होते, तीन आले. मोजणीत तेवढा फरक पडू शकतो, तरी वायरमनला एकदा परत बोलवा. सप्लाय बंद करून दोन्ही टोकांचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे) आणि एमसीबीचे स्क्रू घट्ट करून घ्या. नवी जाड केबल टर्मिनलमध्ये नीट बसली नसेल तर रेझिस्टन्स तिथेच असतो, आणि भर दुपारी १७ अँपिअरला तोच जोड तापतो. कडक उन्हात तासभर चालल्यावर लांबून तापमान मोजायची गन त्या टर्मिनलवर धरायला सांगा. शेजारच्यापेक्षा एखादा जोड जास्त गरम दिसला तर तो आधी दुरुस्त करून घ्या.